मुलीसाठी वेगळं नाव हवंय? मग ही तयारी आधीच करून ठेवा

सगळ्यात आधी एक वही घ्या किंवा फोनमध्ये एक नोट उघडा, आणि हे काम सातव्या महिन्यातच चालू करा, कारण बाळ घरी आल्यावर झोप नसते, घरात पाहुणे असतात, आणि मग जो सगळ्यात मोठ्या आवाजात नाव सांगतो त्याचं नाव पक्कं होतं. मुलगी की मुलगा हे आपल्याकडे आधी कळत नाही, १९९४ च्या कायद्यामुळे ते विचारायचंही नसतं आणि डॉक्टरांनी सांगायचंही नसतं, सो याद्या दोन होणारच. मी इथे मुलीच्या यादीबद्दलच बोलतेय, कारण काहीतरी युनिक पाहिजे हा हट्ट मुलींच्या नावात जास्त असतो आणि घोळपण तिथेच जास्त होतात.

वहीच्या पहिल्या पानावर दोघांनी मिळून एवढंच लिहा की "वेगळं" म्हणजे आपल्याला नक्की काय पाहिजे. कारण वेगळी नावं दोन जातीची असतात. काही कानाला छान वाटावीत म्हणून जुळवलेली असतात, य, र, न आणि दोनचार आकार इकडून तिकडे फिरवून, मायरा झालं की नायरा, नायरा झालं की अनायरा. या नावांची गंमत ही की ती सगळ्या आईबाबांना एकाच वेळी सुचतात, त्यामुळे बालवाडीत पोचेपर्यंत वेगळेपणा संपलेला असतो. दुसरी नावं आपल्याच भाषेत शेकडो वर्षं पडून आहेत, नकाशात, आकाशात, शिलालेखात, फक्त कोणी मुलीला ठेवत नाही. माझं मत विचाराल तर शोधायचं ते इथेच. ऐकणाऱ्याला नाव नवीन वाटतं, आणि "म्हणजे काय हो?" असं विचारल्यावर सांगायला आपल्याकडे खरंच काहीतरी असतं.

आता शोधायचं कुठे, तर महाराष्ट्राचा नकाशा उघडून नद्या वाचायला बसा. कृष्णा, कोयना, गोदावरी ही नावं झाली सगळ्यांची, पण महाबळेश्वरलाच उगम पावणारी वेण्णा बघा, किती छोटं आणि गोड नाव आहे, तेरणा बघा, प्रवरा बघा, प्रवरा म्हणजे तर श्रेष्ठ. मात्र नदीचं नाव आहे म्हणून डोळे झाकून घेऊ नका. वैतरणा ऐकायला भारी वाटतं, पण मेल्यावर ओलांडायची ती वैतरणी पण हीच, आणि घरातली म्हातारी माणसं हे पहिल्या मिनिटाला सांगतील. नीरा छानच आहे, फक्त लोक पेल्यातल्या नीरेची आठवण काढणार हे मान्य करून ठेवा. गिरणा नको, शाळेत तिची गिरणी व्हायला एक मधली सुट्टी पुरेल.

नद्या झाल्या की वर आकाशात बघा. सत्तावीस नक्षत्रांपैकी अश्विनी, रोहिणी, स्वाती, अनुराधा, रेवती एवढीच आपण वापरून वापरून संपवली, कृत्तिका आणि आर्द्रा त्या मानाने अजून कमी ऐकू येतात, मघा तर जवळजवळ कोणी ठेवतच नाही. सप्तर्षीत वसिष्ठाच्या ताऱ्याला अगदी चिकटून एक अंधुक तारा आहे ती अरुंधती, नाव जुनं आहे पण हल्लीच्या मुलींमध्ये क्वचित. कॅसिओपिया नावाचा जो इंग्रजी डब्ल्यूसारखा तारकासमूह आहे त्याला मराठीत शर्मिष्ठा म्हणतात आणि अँड्रोमेडाला देवयानी, दोन्ही नावं भरदार आहेत. जुळ्या मुली झाल्या तर मात्र ही जोडी टाळा, महाभारतात शर्मिष्ठेने देवयानीला विहिरीत ढकललं होतं आणि पुढे नवऱ्यावरूनही व्हायचं ते झालंच.

गाण्याची आवड असलेल्या घरांनी रागांची नावं सोडून जरा खोलात जावं. आसावरी, बागेश्री, भूपाळी ही नावं ऐकलेली असतात, पण सप्तकातल्या २२ श्रुतींना, म्हणजे स्वरांच्या बारीक पायऱ्यांना, प्रत्येकीला स्वतःचं नाव आहे हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. कुमुद्वती, छंदोवती, दयावती, रंजनी, आलापिनी, रम्या, प्रीती, बघा केवढा खजिना आहे. त्याच बावीस जणींत क्रोधा, उग्रा आणि क्षोभिणी पण आहेत, सो यादी अर्धी वाचून उड्या मारू नका (दोन वर्षांच्या मुलीला क्षोभिणी शोभेल खरं, पण पुढे नोकरीच्या इंटरव्ह्यूला अवघड होईल).

इतिहासात तर मला सगळ्यात जास्त मजा येते. नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे, दोन हजार वर्षांहून जुना, तिथल्या प्राकृतात ती नायनिका आहे, आता मला सांगा नायनिका हे नाव आजच्या कुठल्याही फॅशनेबल नावाच्या शेजारी ठेवलं तर कमी पडतं का. नायराच्या मागे लागलेल्या लोकांना हे का सुचत नाही देव जाणे. नाशिकच्या लेण्यांत गौतमी बलश्रीचा लेख आहे, गौतमीपुत्र सातकर्णीची ही आई, मुलगा आईच्या नावाने ओळखला गेला असं हे घराणं. बलश्री नाव थोडं जड आहे पण अर्थ सरळ आहे. तेराव्या शतकातली महदंबा, धवळे म्हणजे लग्नातली गाणी रचणारी, जिला मराठीतली पहिली कवयित्री म्हणतात, तिचं नाव जसंच्या तसं आज चालणार नाही हे कबूल, पण मुक्ता, जना, सोयरा ही संतमंडळींची नावं मागचं "बाई" काढलं की एकदम आजची वाटतात. सोयरा तर मला फारच आवडतं.

ऋग्वेदातल्या ऋषिका, म्हणजे ऋचा रचणाऱ्या बायका, हा असाच एक साठा. लोपामुद्रा, अपाला, घोषा, विश्ववारा. विश्ववारा म्हणजे सगळं चांगलं जिच्यात आहे, सगळ्यांना हवीशी. पण प्रत्येकीची गोष्ट आधी वाचा, कारण अपालाला त्वचेचा आजार होता आणि नवऱ्याने टाकलं होतं अशी कथा आहे, तुम्हाला त्यात तिची जिद्द दिसेल, सासूबाईंना आजार दिसेल. आणि रोमशा घेऊ नका, म्हणजे अंगावर केस असलेली, त्या ऋचेत ती स्वतःच तसं म्हणते.

फुलांवर फार थांबत नाही, सायली, जुई, केतकी, प्राजक्ता सगळीकडे आहेत. बकुळ अजून शिल्लक आहे. ज्यांना डोंगर भटकायची आवड आहे त्यांच्यासाठी कारवी, सह्याद्रीत सात वर्षांनी एकदा फुलणारी, आणि सोनकी, पावसाळ्याच्या शेवटी पठारं पिवळी करून टाकणारी.

अशी तीसेक नावं जमली की मग छाननी, आणि इथे पहिलं काम अर्थाचं, यात अजिबात आळस नको. नावांच्या वेबसाइट आणि अ‍ॅपवर प्रत्येक नावाचा अर्थ एकतर "राजकन्या" असतो नाहीतर "देवी लक्ष्मी", आणि भाषा बिनधास्त "संस्कृत" लिहिलेली असते. मायरा हे नाव फुल्क ग्रेव्हिल या इंग्रज कवीने आपल्या कवितेसाठी घडवलेलं आहे, कियारा इटालियन आहे, अर्थ तेजस्वी, स्वच्छ. नावं वाईट नाहीत, ठेवायची तर खुशाल ठेवा, पण ती जशी आहेत तशी माहीत असून ठेवा, उद्या पोरगी मोठी होऊन स्वतः शोधणारच आहे. मराठी शब्द असेल तर मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, संस्कृत असेल तर आपटे आणि मोनियर विल्यम्स, हे चारही ऑनलाइन फुकट बघता येतात. शब्द तिथे सापडलाच नाही तर त्याचा सांगितलेला अर्थ बहुतेक कोणीतरी घरी बसून बनवलेला आहे असं समजा. सापडला तर पहिल्या ओळीवर थांबू नका, शेवटपर्यंत वाचा. इरा हे किती नाजूक नाव, अमरकोशात त्याचे अर्थ पृथ्वी, वाणी, पाणी आणि सुरा असे चार दिलेत, सुरा म्हणजे दारूच. मला विचाराल तर तरीही ठेवण्यासारखं आहे, पण हे तुम्हाला आधी माहीत पाहिजे, काकांनी भर कार्यक्रमात सांगायला नको. निर्ऋती, मंथरा असली नावं कानाला कशी वाटतात त्यावर जाऊ नका, पहिली विनाशाची देवता आणि दुसरी सगळ्यांनाच माहितीये.

अर्थाला इतकं का धरून बसायचं असं कोणी म्हणालं तर २०११ सालची साताऱ्याची गोष्ट सांगा. मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून ज्यांचं नाव नकुशी, नकोशी ठेवलं अशा २८५ मुलींची जिल्हा प्रशासनाने कार्यक्रम करून नावं बदलली. त्या मुली शाळेत रोज हजेरीला तो अर्थ ऐकत होत्या.

मग उरलेल्या दहाबारा नावांना हाक मारून बघा. खरंच मोठ्याने, आतल्या खोलीतून स्वयंपाकघरात, रागाने, लाडाने, घाईत. छंदोवती कागदावर देखणी दिसते पण "छंदोवतीऽऽ डबा विसरलीस" हे म्हणेपर्यंत रिक्षा गेलेली असते, मग तिचं घरात काय होणार ते आत्ताच ठरवा, छंदा की वती की आणखी काही. लाडाचं नाव तुम्ही नाही ठरवलं तर आजूबाजूची पोरं ठरवतात. तिच्यापुढे ताई लावून बघा, मॅडम लावून बघा, ऐंशी वर्षांची आजी लावून बघा. अबोली आजी छान वाटतं.

पूर्ण नावही वाचून बघायचंय, आणि ते आता लांब झालंय हे विसरू नका. १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या बाळांसाठी महाराष्ट्रात सरकारी कागदांवर बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम ठरलाय. म्हणजे बाळाच्या नावाला लगेच चिकटून आईचं नाव येतं. दोन्ही नावं सारखीच वाजत असतील किंवा एकाचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीत घुसत असेल तर वाचणारा अडखळतो. चार जोडाक्षरी नावं ओळीने आली तर फॉर्म भरणाऱ्या कारकुनाची परीक्षा. आद्याक्षरांचा काही भलता शब्द होत नाही ना तेही बघा, मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे.

इंग्रजी स्पेलिंग आत्ताच पक्कं करा, आणि घरातल्या सगळ्यांना ते एकच पाठ असू दे. ऋ असेल तर आर-यू की आर-आय, ज्ञ असेल तर डी-एन की जी-वाय, हे अर्धं घर एक आणि अर्धं घर दुसरं लिहितं. नावात ळ असेल तर इंग्रजीत आणि मराठीबाहेर त्याचा ल होणार, बकुळची बकुल होणार, ते चालणार असेल तरच घ्या. परदेशात राहायची शक्यता असेल तर तिथल्या भाषेत त्या आवाजाला काही अर्थ आहे का तेवढं बघून घ्या, आपली माला स्पॅनिशमध्ये "वाईट" होते.

आता घरचं राजकारण, यावर थोडक्यात. नाव आत्या ठेवते हे ठीक, पण शॉर्टलिस्ट आईबाबांची, आणि हे आत्याला बारशाच्या आदल्या रात्री सांगू नका, महिनाभर आधी सांगा. नकाराधिकार कोणाला आणि किती वेळा हेही आधी बोलून घ्या, नाहीतर प्रत्येक नावाची एक नावडती चुलतबहीण निघतेच. पत्रिकेचं आद्याक्षर मानत असाल तर २७ नक्षत्रांची चार-चार चरणं अशी १०८ अक्षरं असतात आणि त्यात आर्द्राच्या तिसऱ्या चरणाला चक्क ङ येतो. ङ वरून मुलीचं नाव शोधून दाखवा. अशा वेळी पत्रिकेतलं नाव वेगळं आणि हाकेचं वेगळं हा जुना मार्ग आहेच, त्यामुळे अक्षरासाठी आवडतं नाव सोडायची गरज नाही.

शेवटी कागद. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला लागते, हॉस्पिटलमध्ये बाळ झालं तर ते हॉस्पिटलच कळवतं, पण नाव तेव्हाच द्यायलाच पाहिजे असं नाही. नावाशिवाय नोंद होते आणि मग नोंदणीपासून १२ महिन्यांच्या आत नाव फुकट घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. म्हणजे एकवीस दिवसांत ठरत नसेल तर घाबरून काहीतरी लिहून टाकू नका. दुसरीकडे वर्षभर "बाळ, बाळ" करत बसू नका, कारण १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळा, पासपोर्ट सगळीकडे जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो आणि पुढची सगळी कागदपत्रं त्यावरचंच स्पेलिंग उचलतात. फॉर्म स्वतःच्या अक्षरात भरा, मराठी आणि इंग्रजी दोन्ही रकाने, नावं घरून कागदावर लिहून न्या म्हणजे खिडकीवर फोनवरून विचारत बसायला नको. वेगळं नाव लिहिणाऱ्याच्या ओळखीचं नसतं, त्यामुळे तो त्याला माहीत असलेलं जवळचं नाव लिहितो, वेण्णाची वीणा होते, सोयराची सायरा. सो दाखला हातात आला की तिथेच उभं राहून एकेक अक्षर वाचा, काना मात्रा सकट, आणि चूक दिसली तर त्याच खिडकीवर त्याच दिवशी दुरुस्तीचा अर्ज द्या, चारपाच कॉपी काढून झाल्यावर नाही.