अहिराणी गाण्यावर कॉपीराइटची नोटीस आली तर

यूट्यूबचा क्लेम, यूट्यूबचा स्ट्राइक आणि वकिलाची नोटीस या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी पक्कं करा. क्लेम म्हणजे तुमच्या व्हिडिओतल्या गाण्यावर मालकानं सांगितलेला हक्क; त्यात बहुतेकदा व्हिडिओची कमाई मूळ मालकाकडे वळते. स्ट्राइक म्हणजे मालकाच्या तक्रारीवरून व्हिडिओ काढून चॅनेलला दिलेली ताकीद; तो 90 दिवस राहतो आणि त्या मुदतीत तीन जमले की चॅनेल बंद होऊ शकतं. व्हिडिओ डिलीट केल्यानं स्ट्राइक जात नाही. मुदतीआधी तो काढायचा तर मालकानं मागे घ्यावा लागतो किंवा प्रतिदावा, म्हणजे तक्रार चुकीची असल्याचं यूट्यूबला रीतसर कळवणं, हा मार्ग आहे. हक्क खरोखर तुमचा असेल तरच प्रतिदावा करा, कारण त्यात दिलेलं नाव-पत्ता तक्रारदाराकडे जातं.

वकिलाची नोटीस मात्र कायद्याची पहिली पायरी आहे. पाकीट नाकारू नका, नाकारलं तरी ते मिळालं असंच साधारणपणे धरलं जातं. नोटिशीची तारीख फार महत्त्वाची. गाण्यावर कॉपीराइट आहे हेच माहीत नव्हतं आणि शंका यायचं कारणही नव्हतं, असं सिद्ध केलंत तर दिवाणी दाव्यात मनाई हुकूम आणि मिळवलेला नफा एवढ्यावर निभावतं, वेगळी नुकसानभरपाई लागत नाही. नोटिशीनंतरही गाणं चालू ठेवलं की हा बचाव संपला. म्हणून त्याच दिवशी व्हिडिओ प्रायव्हेट करा, पण मूळ फाइल, व्ह्यूज आणि कमाईचे स्क्रीनशॉट पुसू नका.

फौजदारी बाजू जड आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम 63: 6 महिने ते 3 वर्षं कैद आणि 50,000 ते 2,00,000 रुपये दंड. दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास किमान 1 वर्ष आणि 1,00,000. धंद्याच्या फायद्यासाठी केलेलं नसेल तर न्यायालय कारण नोंदवून शिक्षा कमी करू शकतं. मोनेटायझेशन, म्हणजे व्हिडिओतून कमाई, चालू असलेल्या चॅनेलला हे पटवणं कठीण. हा गुन्हा दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) आणि अजामीनपात्र (जामीन हक्कानं मिळत नाही) असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये सांगितलं. फौजदार दर्जाचा अधिकारी वॉरंटशिवाय जप्ती करू शकतो. जप्त प्रती परत हव्या असतील तर 15 दिवसांत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो.

‘तीस सेकंद चालतात’, ‘क्रेडिट दिलं होतं’, ‘त्यानं रजिस्ट्रेशनच केलं नव्हतं’ यांतलं एकही उत्तर टिकत नाही. हळदीला, वरातीत गाणं वाजवायला कायद्यात सूट आहे. त्याच वरातीचा व्हिडिओ गाण्यासकट चॅनेलवर टाकायला नाही. खानदेशातल्या कानबाई देवीची परंपरागत गाणी कुणाच्या मालकीची नाहीत, पण एखाद्यानं त्यांना बांधलेलं संगीत आणि केलेलं रेकॉर्डिंग त्याचंच. बहिणाबाईंच्या कवितांचंही तसंच. त्या त्यांच्या पश्चात 1952 मध्ये छापल्या गेल्या, त्यामुळे त्या संग्रहातले शब्द 2012 अखेर मोकळे झाले. नंतर कुणी दिलेली चाल उचलाल तर अडकाल.

उत्तर वकिलाकडूनच द्या. फोनवर ‘चूक झाली, भाऊ’ म्हणू नका; कॉल रेकॉर्ड होतो. तडजोड झाली तर गाण्याची लिंक, रक्कम, स्ट्राइक मागे घेण्याची तारीख आणि पुढे दावा करणार नाही हे लेखी घ्या, पैसे बँकेतूनच द्या. गुन्हा आधीच नोंदला असेल तर नुसत्या तडजोडपत्रानं तो मिटत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या लोकांना तो रद्द करून घ्यायला तक्रारदाराच्या संमतीसह उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात जावं लागतं.