फसली सनाला ५९० की ५९१?
मराठवाड्यातल्या गावाचा इतिहास, शेती नाहीतर दुष्काळ, विषय कुठलाही असो, निजामकाळातल्या कागदावरचा फसली सन (म्हणजे महसुली कारभारातलं वर्ष) आधी नीट वाचा. १३५७ फसली दिसलं की ५९० मिळवून इसवी सन १९४७ लिहून लोक मोकळे होतात. पण शेवटच्या काळात हे वर्ष ऑक्टोबरात, आजूर महिन्यापासून सुरू व्हायचं. म्हणजे जानेवारीपासूनच्या नोंदीला ५९१ मिळवायचे, आणि सन होतो १९४८! सप्टेंबर १९४८च्या पोलीस कारवाईच्या (हैदराबाद संस्थानावरच्या लष्करी कारवाईच्या) आसपासचं काम असेल तर हा फरक भलताच महागात पडतो. म्हणून वहीत मूळ सन-महिना जसाच्या तसा उतरवा, इसवी सन शेजारी पेन्सिलीने. उर्दू येत नसेल तर जुन्या पिढीतले एखादे गुरुजी गाठा. त्यांना दप्तरातली घसरती लिपीसुद्धा वाचता येते. आणि हो, संस्थानाच्या वरच्या पातळीवरचे कागद मुंबईत शोधत बसू नका, हैदराबादचं तारनाक्याचं अभिलेखागार गाठा.