एलएचसीएफच्या न्यूट्रॉनांवर विश्वकिरण मॉडेल पडताळताना

अवकाशातून आलेला विश्वकिरण हवेवर आदळला की कणांचा वर्षाव होतो. तो हवेत किती खोल जाईल, हे बरंचसं पहिल्या काही टकरींत सरळ पुढे निघालेल्या कणांवर ठरतं. या टकरींची नक्कल करणाऱ्या ईपॉस, क्यूजीएसजेट, सिबिल या संगणकी मॉडेलांचं एकमेकांशी पटत नाही तेही तिथेच. त्यामुळे पडताळणीला एलएचसीएफची मापं घ्यावीत. सर्नच्या एलएचसी या कण-त्वरकात ॲटलास प्रयोगाच्या टक्करबिंदूपासून सुमारे १४० मीटरवर, जवळजवळ शून्य अंशात बसवलेले हे छोटे कॅलरीमीटर (कणांची ऊर्जा मोजणारी उपकरणं) आहेत. उदाहरणादाखल जून २०१५ मधल्या १३ टीईव्हीच्या टकरींतले न्यूट्रॉन घेऊ. स्थिर लक्ष्यावर आदळणाऱ्या प्रोटॉनच्या हिशेबात ही ऊर्जा ९० पीईव्ही होते (१ पीईव्ही म्हणजे १,००० टीईव्ही, १ टीईव्ही म्हणजे १,००० जीईव्ही).

हेपडेटा या कणभौतिकीच्या मापांच्या ऑनलाइन संग्रहावरून तक्ते उतरवून घ्या. सूडोरॅपिडिटीचे (कण शलाकेच्या किती जवळून निघाला याचं माप; आकडा मोठा तितका कोन लहान) पट्टे तीन आहेत: १०.७६ च्या वर, ८.९९ ते ९.२२ आणि ८.८१ ते ८.९९. पहिला पट्टा किती चिंचोळा आहे याचा अंदाज घेऊन ठेवा. १०.७६ म्हणजे सुमारे ४२ मायक्रोरेडियनचा कोन, १४० मीटरवर जेमतेम ६ मिलिमीटर त्रिज्येचं वर्तुळ. त्यात फार थोडे कण पडतात. म्हणून १०,००० इव्हेंट (संगणकावर काढलेल्या टकरी) फक्त तालमीपुरते ठेवा आणि खऱ्या तुलनेसाठी किमान १० लाख काढा. आलेखाच्या एका बिनमध्ये (ऊर्जेच्या एका कप्प्यात) २ टक्के सांख्यिकी त्रुटी हवी असेल, तर त्या बिनमध्ये २,५०० कण लागतात.

इव्हेंट काढायला सीआरएमसी हा प्रोग्रॅम वापरा. त्यात सगळी मॉडेलं एकाच दारातून चालतात. एका प्रोटॉनचा संवेग ६५०० जीईव्ही द्या, दुसऱ्याचा उणे ६५००. घाईत दोन्हीकडे १३,००० लिहिलं जातं, आणि तरीही आलेख दिसायला ठीकठाक येतो. पहिल्या शंभर इव्हेंटमध्ये प्रत्येकातल्या सगळ्या अंतिम कणांच्या ऊर्जेची बेरीज करून पाहा. ती १३,००० च्या आसपास नसेल तर तिथेच थांबा. आउटपुट हेपएमसी या टकरी नोंदवायच्या स्वरूपात घ्या, पण डिस्कवर साठवू नका, फाइली अवाढव्य होतात. नेम्ड पाइप (दोन प्रोग्रॅमना थेट जोडणारी नळी) उघडा. एका टोकाने सीआरएमसी लिहील, दुसऱ्या टोकाने रिव्हेट हा विश्लेषणाचा प्रोग्रॅम वाचेल. मॉडेल बदललं की पाइप तोच राहू द्या, रिव्हेटच्या निकालाच्या योडा फाइलचं नाव मात्र बदला, नाहीतर आधीची फाइल पुसली जाईल.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो क्षयाच्या सेटिंगमध्ये. पॅरामीटर फाइलमध्ये किमान क्षय-लांबी १ सेंटिमीटर असेल तर लॅम्डा हा अल्पायुषी कण (क्षय-लांबी ७.९ सेंटिमीटर) स्थिर धरला जातो. आता २ टीईव्हीचा लॅम्डा घ्या: गॅमा (वेगामुळे आयुष्य किती पट लांबतं तो आकडा) साधारण १,८००, म्हणजे सरासरी उड्डाण १४१ मीटर. बरोबर डिटेक्टरच्या दारात! निम्म्याहून जास्त लॅम्डा वाटेतच फुटतात, त्यातल्या काहींचे न्यूट्रॉन होतात, आणि उरलेले कॅलरीमीटरला न्यूट्रॉनसारखेच दिसतात. पेपरात न्यूट्रॉनची व्याख्या टक्करबिंदूपाशी केली आहे की डिटेक्टरपाशी, कोणती भेसळ आधीच वजा केली आहे, ते वाचा आणि मगच किमान क्षय-लांबीचा आकडा ठरवा. सगळ्या मॉडेलांना तो एकच द्या.

मग येतं नॉर्मलायझेशन, म्हणजे कणांची मोजणी काटछेदात (टक्कर होण्याच्या शक्यतेच्या मापात) बदलणं. सीआरएमसी फक्त अप्रत्यास्थ (नवे कण निर्माण होणाऱ्या) टकरी काढतं. समजा १० लाख इव्हेंट आहेत आणि मॉडेलचा अप्रत्यास्थ काटछेद ७८ मिलिबार्न. ५०० जीईव्ही रुंद बिनमध्ये ४,००० न्यूट्रॉन आले, तर ४,००० × ७८ ÷ १०,००,००० ÷ ५०० = ०.०००६२ मिलिबार्न प्रति जीईव्ही. प्रत्येक मॉडेलला त्याचाच काटछेद लावा. मोजलेला एकच आकडा सर्वांना लावला तर मॉडेलची एक चूक झाकली जाते. उत्तर दुप्पट आलं तर तुम्ही टकरीच्या दोन्ही बाजूंचे न्यूट्रॉन मोजलेत. १०० कोटी पटींचा फरक दिसला तर मिलिबार्न आणि पिकोबार्न यांची गल्लत आहे. हेपएमसी पिकोबार्न मागतं.

मॉडेलच्या आलेखाला डिटेक्टरचा धूसरपणा लावायचा मोह टाळा. न्यूट्रॉनसाठी या कॅलरीमीटरचं ऊर्जा-विभेदन ४० टक्क्यांच्या घरात आहे खरं, पण छापलेली मापं आधीच उलगडलेली, म्हणजे हा धूसरपणा काढून टाकलेली आहेत. काय-स्क्वेअर (मॉडेल आणि मापं किती जुळतात याचा आकडा) काढताना प्रणालीगत त्रुटी बिनगणिक सुट्या धरू नका. ऊर्जा-मापनाची चूक सगळा आलेख एकत्रच सरकवते.

सगळं जुळलं असेल तर १०.७६ च्या वरच्या पट्ट्यात मापांना ५ टीईव्हीजवळ शिखर दिसेल आणि ते एकाही मॉडेलला साधलेलं नसेल. एकूण काटछेदही सगळ्यांचा कमी पडतो, त्यातल्या त्यात क्यूजीएसजेट २-०४ ची तूट सर्वांत कमी. ८.९९ ते ९.२२ मध्ये सिबिल २.३ आणि ८.८१ ते ८.९९ मध्ये ईपॉस-एलएचसी सरस. तुमच्या आलेखात एखादं मॉडेल तिन्ही पट्ट्यांत चपखल बसलं, तर आनंद आवरून आधी वरचे दोन परिच्छेद पुन्हा तपासा.

हवेत नायट्रोजन आणि ऑक्सिजन असतात, इथे मात्र प्रोटॉनवर प्रोटॉन आदळतो. ही फट बुजवायला जुलै २०२५ मध्ये एलएचसीत प्रोटॉन-ऑक्सिजन टकरी घेतल्या गेल्या. ऊर्जाही आपल्या कामाची निवडा. मुंबईच्या टीआयएफआरच्या उटीतल्या ग्रेप्स-३ या विश्वकिरण प्रयोगाला प्रोटॉन वर्णपटात १६६ टीईव्हीजवळ वळण दिसलं आहे. त्यावर काम करणाऱ्याला १३ टीईव्हीपेक्षा अमेरिकेतल्या आरएचआयसी त्वरकावरच्या आरएचआयसीएफ प्रयोगाच्या ५१० जीईव्हीच्या टकरी जवळच्या. त्या स्थिर लक्ष्याच्या हिशेबात सुमारे १३९ टीईव्ही होतात.