अपडेटनंतर फोनभर जाहिराती? वैतागून या चुका करू नका

ऑगस्ट २०२५ मध्ये भारतातल्या असंख्य अँड्रॉइड फोनवर कॉल आला आणि समोर भलतीच स्क्रीन उभी राहिली. बोट वर-खाली सरकवून कॉल घ्यायची सवय, तर आता ते आडवं सरकवायचं. फेव्हरिट्स आणि रिसेंट्स एकाच यादीत आलेले, कॉन्टॅक्ट्स एका बाजूच्या मेन्यूत गेलेले. ‘मी तर फोन अपडेट केलाच नाही, मग हॅक झाला का?’ हा प्रश्न तेव्हा घरोघरी विचारला गेला. हॅक काहीच झालं नव्हतं. गूगलने आपल्या ‘फोन’ या ॲपचं रूप बदललं होतं आणि प्ले स्टोअरने ते रातोरात आपोआप अपडेट केलं होतं. फोन बनवणाऱ्या कंपनीचा त्यात काही संबंध नव्हता, तरी शिव्या मात्र बहुतेकांनी तिलाच घातल्या.

सगळं खापर ‘अपडेट’वर फोडणं

फोनमध्ये बदल तीन वाटांनी येतो. एक, कंपनीचं सिस्टम अपडेट. ते सहसा तुम्हाला विचारून येतं आणि फोन रिस्टार्ट होतो. दुसरी वाट प्ले स्टोअरची. तिथून ॲप्स न विचारता बदलतात. तिसरी वाट म्हणजे सर्व्हरवरून चालू केलेली गोष्ट. ॲपचं व्हर्जन तेच राहतं, पण कंपनी तिकडून एक कळ दाबते आणि तुमच्याकडे नवं बटण किंवा नवी जाहिरात दिसू लागते. म्हणून शेजाऱ्याच्या तशाच फोनवर ती दिसत नाही आणि तुमच्या फोनवर दिसते.

बदल कुठून आला हे न बघता इलाज सुरू केला, तर चोर सोडून संन्याशाला फाशी होते. कॉलची स्क्रीन आवडली नाही म्हणून लोक फोन रिसेट करायला निघाले होते. खरं तर त्याच ॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘इनकमिंग कॉल जेस्चर’ असा पर्याय आहे. तिथे ‘सिंगल टॅप’ निवडलं की सरकवण्याची भानगडच संपते. घरातल्या वयस्कर माणसांच्या फोनवर हे आवर्जून करून द्या. जुनं रूपच हवं असेल, तर ॲपचा आयकॉन दाबून धरून ‘ॲप इन्फो’त जा आणि ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ करा. मग प्ले स्टोअरमध्ये त्या एकाच ॲपचं ऑटो-अपडेट बंद करा. हा उपाय मला तात्पुरता वाटतो. ॲप कायम जुन्या व्हर्जनवर ठेवणं बरं नाही.

जाहिरातींच्या रागात अपडेट घेणंच बंद करणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, आणि ती करणाऱ्यांचा राग मला पूर्ण समजतो. पैसे मोजून घेतलेल्या फोनमध्ये फाइल उघडताना कुठल्यातरी गेमची जाहिरात का बघायची? पण सिस्टम अपडेटमधून सुरक्षेच्या दुरुस्त्याही येतात. अँड्रॉइडमध्ये सापडलेल्या त्रुटी गूगल २०१५ पासून नियमित जाहीर करत आलं आहे. जाहीर झालेली त्रुटी चोरालाही कळते. तुमच्या फोनवर यूपीआय आहे, बँकेचं ॲप आहे, ओटीपीचे मेसेज येतात. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ उघडून सिक्युरिटी पॅचची, म्हणजे शेवटच्या सुरक्षा दुरुस्तीची, तारीख बघा. ती वर्षभर मागे असेल, तर जाहिराती टाळण्यासाठी तुम्ही फार मोठी किंमत मोजताय.

सुरक्षेची दुरुस्ती आणि जाहिरातीचं नवं फीचर एकाच पाकिटात घालून ‘घ्यायचं तर दोन्ही घ्या’ म्हणणं मला सरळसरळ अन्यायाचं वाटतं. तक्रार करायची तर याच मुद्द्यावर करायला हवी. पण पाकीटच नाकारलं, तर नुकसान आपलंच होतं.

अपडेटनंतर ‘नेक्स्ट, नेक्स्ट, ॲग्री’ दाबत सुटणं

मोठं अपडेट झालं की फोन चार-पाच स्क्रीन दाखवतो. घाईत आपण सगळ्यांना हो म्हणतो. नेमकं तिथेच ‘रेकमेंडेड ॲप्स’ची यादी आधीच टिक केलेली असते, ‘पर्सनलाइज्ड सर्व्हिसेस’ची परवानगी मागितलेली असते आणि लॉक स्क्रीनवर बातम्या-व्हिडिओ दाखवणारी सेवा चालू करायला सांगितलेलं असतं. ‘ग्लान्स’ ही त्यातली सर्वात पसरलेली. ती बंगळुरूच्या इनमोबी समूहाची, आणि अनेक कंपन्यांच्या फोनमध्ये वेगवेगळ्या नावांनी येते. लॉक स्क्रीनच्या किंवा वॉलपेपरच्या सेटिंग्जमध्ये ‘ग्लान्स’, ‘वॉलपेपर कॅरोसेल’ किंवा ‘मॅगझिन’ असं नाव शोधा आणि बंद करा.

त्या चार-पाच स्क्रीन सावकाश वाचायला दोन मिनिटं लागतात. ‘स्किप’ किंवा ‘नॉट नाउ’ बहुतेक वेळा बारीक, फिकट अक्षरात कोपऱ्यात असतं. तेच दाबायचं.

एक स्विच बंद केला म्हणजे काम झालं, असं समजणं

शाओमीच्या फोनचं उदाहरण घेऊ, कारण ते आपल्याकडे भरपूर आहेत आणि तिथल्या जाहिरातींमागचं गणित उघड आहे. कंपनीचे संस्थापक ले जून यांनी एप्रिल २०१८ मध्ये जाहीर केलं होतं की हार्डवेअरवरचा निव्वळ नफा ५ टक्क्यांच्या वर जाऊ देणार नाही. मग नफा कुठून? मोठा वाटा इंटरनेट सेवांमधून, आणि त्यात जाहिराती आल्या. फोन स्वस्त मिळाला त्याची उरलेली किंमत आपण रोज थोडी थोडी नजरेने चुकवतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये कंपनीने आपल्या फोनमधल्या एमआययूआय या सिस्टमच्या जागी हायपरओएस आणलं, तरी जाहिरातींची रचना साधारण तीच राहिली.

इथे सिस्टमच्या जाहिराती पुरवणारा ‘एमएसए’ नावाचा एक घटक असतो. सेटिंग्जमध्ये ‘पासवर्ड्स अँड सिक्युरिटी’, त्यात ‘ऑथोरायझेशन अँड रिव्होकेशन’, आणि त्या यादीत एमएसए. स्विच बंद करायला गेलात की इशारा येतो आणि ‘रिव्होक’ बटणावर दहा सेकंदांची उलटी गिनती सुरू होते. ती संपेपर्यंत बटण दाबलं जात नाही. नंतर दाबलं, तरी पुष्कळदा ‘परवानगी काढता आली नाही’ असा मेसेज येतो. इथे लोक हात टेकतात. हात टेकू नका. इंटरनेट चालू ठेवा आणि पुन्हा प्रयत्न करा. तिसऱ्या-चौथ्या वेळी ते होतं. चालू करायला अर्धा सेकंद लागतो, मग बंद करायला दहा सेकंद थांबायला का लावायचं, हे कंपनीला विचारायलाच हवं.

आणि एवढ्यावर संपत नाही. फाइल मॅनेजर, सिक्युरिटी, डाउनलोड्स, थीम्स, म्युझिक अशा कंपनीच्या प्रत्येक ॲपमध्ये आत जाऊन ‘रिसीव्ह रेकमेंडेशन्स’ किंवा तत्सम नावाचा स्विच वेगळा बंद करावा लागतो. होम स्क्रीनवरच्या फोल्डरमध्ये न घेतलेली ॲप्स दिसत असतील, तर फोल्डर उघडून त्याच्या नावावर टॅप करा; सुचवलेल्या ॲप्सचा स्विच तिथे सापडतो. ‘जाहिरात’ हा शब्द मात्र कुठे फारसा वापरलेला नसतो. सगळीकडे ‘रेकमेंडेशन’, म्हणजे शिफारस. म्हणून दुसऱ्या कुठल्याही कंपनीचा फोन असला, तरी सेटिंग्जच्या वरच्या सर्चमध्ये ‘ॲड’ लिहून बघाच, शिवाय ‘रेकमेंड’, ‘पर्सनलाइज’, ‘मार्केटिंग’ आणि ‘कस्टमायझेशन’ हेही लिहून बघा. मोठ्या अपडेटनंतर ही फेरी पुन्हा मारा. बंद केलेले स्विच चालू झाल्याचं अनेकांना आढळतं.

ॲपच्या जाहिरातीला सिस्टमची जाहिरात समजणं

आमच्या सोसायटीतल्या एका काकांच्या फोनवर अपडेटनंतर दर थोड्या वेळाने पूर्ण स्क्रीनभर जाहिरात येत होती. दुकानदाराने ‘व्हायरस आहे, फॉरमॅट करावा लागेल’ असं सांगून टाकलं होतं. जाहिरात स्क्रीनवर असतानाच त्यांना रिसेंट ॲप्सचं बटण दाबायला सांगितलं. जाहिरातीच्या कार्डावर वर एक छोटा आयकॉन होता, टॉर्चच्या एका ॲपचा. ते ॲप अपडेटच्या आधीच कधीतरी टाकलेलं होतं. फोनमध्ये मुळातच टॉर्च असतो, हेही त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ॲप काढलं, जाहिरात थांबली.

ही युक्ती प्रत्येकाने लक्षात ठेवावी. आयकॉन दिसला नाही, तर सेटिंग्जमधल्या ‘डिस्प्ले ओव्हर अदर ॲप्स’ या परवानगीची यादी उघडा. इतर ॲप्सच्या वर स्वतःची खिडकी उघडायची मुभा कुणाकुणाला आहे ते तिथे कळतं. क्लीनर, बॅटरी सेव्हर, वॉलपेपर, क्यूआर स्कॅनर असलं काही त्यात दिसलं, तर परवानगी काढून घ्या. जाहिरात नोटिफिकेशनमधून येत असेल, तर ती नोटिफिकेशन दाबून धरा. कोणाची आहे ते कळतं आणि तेवढाच प्रकार बंद करता येतो. बँकेच्या ॲपच्या ऑफर्स अशा बंद करून व्यवहारांचे मेसेज चालू ठेवता येतात, मात्र दोन्ही प्रकार बँकेने वेगळे ठेवलेले असले तर.

आणि जाहिराती घालवायला नवं ‘क्लीनर’ ॲप टाकणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

व्हॉट्सॲपवर चिडून ‘मॉड’ टाकणं

जून २०२५ मध्ये मेटाने, म्हणजे व्हॉट्सॲपच्या मालक कंपनीने, व्हॉट्सॲपच्या ‘अपडेट्स’ टॅबमध्ये, स्टेटसच्या मधेमधे, जाहिराती आणण्याची घोषणा केली. चॅटमध्ये जाहिरात नाही, चॅटचं एन्क्रिप्शनही तसंच आहे. तरी लोक दुखावले, आणि ते साहजिक होतं. या ॲपच्या संस्थापकांनी २०१२ मध्ये ‘आम्ही जाहिराती का विकत नाही’ हे जाहीरपणे लिहिलं होतं. पण त्या जाहिराती किंवा मेटा एआय या चॅटबॉटचं वर्तुळ जावं म्हणून ‘मॉड’, म्हणजे कुणी तिसऱ्यानेच फेरफार केलेलं व्हॉट्सॲप, टाकू नका; प्ले स्टोअरबाहेरून मिळालेली एपीके (ॲप इन्स्टॉल करायची) फाइल घेऊच नका. ते ॲप कुणी बनवलंय आणि तुमचे मेसेज कुठे जातात हे तुम्हाला कळण्याचा मार्ग नसतो. शिवाय असं ॲप वापरणाऱ्यांचे नंबर व्हॉट्सॲप बंद करतं.

थोडक्यात आणखी दोन

गूगलच्या सेटिंग्जमधला ‘ॲडव्हर्टायझिंग आयडी’ (जाहिरातींसाठी तुमच्या फोनला दिलेली ओळख) डिलीट केल्याने जाहिराती थांबत नाहीत. त्या तुमच्या सवयींवरून जुळवलेल्या राहत नाहीत, एवढंच. डिलीट करणं चांगलंच, पण जाहिरात दिसली म्हणून ते फसलं असं समजू नका.

आणि अपडेट झाल्या संध्याकाळीच बॅटरीचा निकाल लावू नका. मोठ्या अपडेटनंतर फोन ॲप्स पुन्हा जुळवतो, फोटो आणि फाइल्सची यादी नव्याने करतो. दोन-तीन दिवस बॅटरी जास्त जाते. त्यानंतरही तसंच राहिलं, तर मग कोणतं ॲप खातंय ते बघा.

तक्रार चुकीच्या जागी, चुकीच्या शब्दांत करणं

तक्रारीने काही होत नाही, असं म्हणून सोडून देऊ नका. सॅमसंगच्या वेदर, पे आणि थीम्स या ॲप्समधल्या जाहिरातींवर ग्राहक चिडले, आणि २०२१ मध्ये कंपनीने त्या काढून टाकल्या. जून २०२५ मध्ये ॲपलने वॉलेट ॲपमधून एका सिनेमाच्या तिकिटावरच्या सवलतीची नोटिफिकेशन पाठवली. पैशांच्या ॲपमध्ये जाहिरात आली म्हणून आयफोनवाले खवळले. पुढच्या आयओएसमध्ये असल्या ऑफर्स बंद करण्याचा स्विच आला.

१९०९ वर डीएनडी (‘डू नॉट डिस्टर्ब’) लावून ॲपमधल्या जाहिराती थांबत नाहीत. ती सोय कॉल आणि एसएमएससाठी आहे. प्ले स्टोअरवर एक तारा देऊन ‘बकवास’ लिहिल्याने कुणालाच काही कळत नाही. फोनमधल्या ‘फीडबॅक’ किंवा ‘सर्व्हिसेस’ ॲपमधून लिहा. कोणत्या ॲपमध्ये, कोणत्या स्क्रीनवर जाहिरात आली, सिस्टमचं व्हर्जन काय, कोणता स्विच बंद केला होता आणि अपडेटनंतर तो चालू कसा झाला, हे स्क्रीनशॉटसह कळवा.

उत्तर आलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विरुद्ध, म्हणजे ग्राहकाला गोंधळवून नको ते करायला लावणाऱ्या रचनांविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. त्यात १३ प्रकार दिलेत, आणि जाहिरात वेगळ्या रूपात लपवणं, नको म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा टोचत राहणं हे त्यातलेच. तक्रारीत त्या प्रकाराचं नाव घ्या. आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. पुढच्या अपडेटनंतर तोच स्विच पुन्हा चालू झालेला सापडला, तर नवी तक्रार लिहिताना आधीच्या क्रमांकाचा उल्लेख करता येईल.