नवं रूप फ्लॅगमागे लावण्याआधी

बटणाचा रंग बदलायला फीचर फ्लॅग (नवा बदल हव्या तेवढ्या लोकांसाठी सुरू-बंद करायची कळ) कशाला, असं वाटत असेल तर आधी तो रंगाचा नियम आणखी किती पानांवर लागू होतो ते शोधा. पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसला कुंपण नसतं. म्हणून तयारी जुन्या रूपापासून सुरू करा: मुख्य पानांचे मोबाइल आणि डेस्कटॉप अशा दोन्ही रुंदींतले स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा. नवा कोड चढवल्यावर, फ्लॅग बंद असताना साइट त्या चित्रांशी तंतोतंत जुळली पाहिजे. आपण सगळे फ्लॅग सुरू करून हौसेने बघतो. बंद ठेवून बघायचं राहतं, आणि ज्यांना नवं काही दिलेलंच नाही त्यांचा फॉर्म वाकडा होतो.

आता नियम कुठे बसवायचे ते ठरवा. पानाच्या मूळ एचटीएमएल टॅगवर एक डेटा अ‍ॅट्रिब्यूट (फ्लॅग सुरू असल्याची खूण) लावून नवे नियम त्याच्या आत लिहिणं ही रुळलेली पद्धत. मात्र अ‍ॅट्रिब्यूट जोडला की सिलेक्टरची (नियम कशाला लागू ते सांगणाऱ्या भागाची) स्पेसिफिसिटी, म्हणजे वजन, वाढते, आणि एरवी हरणारा नियम जिंकायला लागतो. तो अ‍ॅट्रिब्यूट ‘व्हेअर’ (:where) या स्यूडो-क्लासमध्ये गुंडाळला तर त्याचं वजन शून्य धरलं जातं. मग क्रम निर्णायक ठरतो, तेव्हा नवी स्टाइलशीट जुनीनंतरच लोड होते ना, ते पाहा. कॅस्केड लेयर, म्हणजे प्राधान्यक्रम लावलेले नियमांचे थर, २०२२ पासून सगळ्या प्रमुख ब्राउझरांत आहेत, पण नवे नियम लेयरमध्ये आणि जुने बाहेर असं केलंत तर जुनेच जिंकतील, कारण लेयरबाहेरच्या नियमांना साध्या घोषणांत प्राधान्य मिळतं. रंग आणि अंतरं आधीपासून कस्टम प्रॉपर्टींमध्ये, म्हणजे सीएसएसमधल्या नाव दिलेल्या किमतींमध्ये, असतील तर तुम्ही नशीबवान: फक्त किमती बदलायच्या.

फ्लॅगचा निर्णय शक्यतो सर्व्हरवर घ्या. ब्राउझरने उशिरा घेतला तर पान आधी जुन्या रूपात उमटतं आणि डोळ्यांदेखत बदलतं. सर्व्हरवर घेतलात तर सीडीएनची (पानं वाटणाऱ्या मधल्या सर्व्हरांची) कॅश, म्हणजे साठवलेल्या प्रती, आडवी येते. एकाला दिलेलं नवं पान सगळ्यांना वाटलं जातं. कॅशच्या किल्लीत, म्हणजे प्रत ओळखायच्या नावात, ‘जुनं की नवं’ एवढंच घाला, वापरकर्त्याचा आयडी नको, नाहीतर कॅश असून नसल्यासारखी. जुन्या स्टाइलशीटची फाइल काही दिवस सर्व्हरवर राहू द्या, कारण कॅशमधलं पान तिलाच मागणार आहे.

नवं रूप किती टक्के लोकांना दाखवायचं ते ठरवताना आयडी आणि फ्लॅगचं नाव यांचा एकत्र हॅश (त्यांच्यापासून निघणारा ठरावीक आकडा) घ्या. म्हणजे ५ टक्क्यांवरून २५ वर गेल्यावर पहिले ५ तसेच राहतात, आणि दर वेळी त्याच माणसांवर प्रयोग होत नाहीत. लॉगिन नसलेल्यांसाठी कुकी लागेल. एररचं पान, छपाईची स्टाइलशीट, ईमेल आणि आयफ्रेम (पानात बसवलेलं दुसरं पान) इथे फ्लॅग पोचतो का, तेही बघून घ्या.

लक्ष कशावर ठेवायचं हे सुरू करण्याआधी लिहून काढा. जावास्क्रिप्ट तुटली तर एररचा आलेख वर चढतो. सीएसएस तुटली तर लॉगमध्ये सगळं शांत असतं आणि ‘पुढे’चं बटण फूटरखाली लपलेलं असतं. म्हणून फॉर्म किती जण पूर्ण करतात, बटणावर किती जण पोचतात, हे दोन्ही गटांचं वेगवेगळं मोजा. लेआउट हलण्याचा सीएलएस आकडा ०.१ च्या वर जाऊ देऊ नका. साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट किमान ४.५ : १ हवा, डिझाइनरच्या लाडक्या करड्या रंगाची इथे परीक्षा होते. फ्लॅग बंद केल्यापासून शेवटच्या कॅशमधून नवं रूप जाईपर्यंत किती मिनिटं लागतात, याची एकदा रंगीत तालीम करून वेळ नोंदवा.

शेवटी काढून टाकण्याची तारीख आणि जबाबदार माणूस, दोन्ही फ्लॅग तयार होतानाच ठरवा. जुन्या फ्लॅगचं नाव परत वापरू नका. १ ऑगस्ट २०१२ ला नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर ट्रेडिंग कंपनीने जुनाच फ्लॅग नव्या कामाला जुंपला. आठांपैकी एका सर्व्हरवर जुना कोड राहिला होता, आणि पाऊण तासात ४० कोटी डॉलरहून जास्त बुडाले. स्टाइलशीटने इतकं बुडणार नाही, पण मेलेले नियम साचत जातात. जाणाऱ्या प्रत्येक जुन्या नियमाशेजारी आत्ताच कमेंटमध्ये फ्लॅगचं नाव लिहा, म्हणजे त्या दिवशी एका सर्चमध्ये सगळे सापडतील.