जुन्या जपानी मोटरसायकलींची सामूहिक राइड कशी आखावी

होंडाची सीबी ७५० आणि कावासाकीची पाचशे सीसीची एच-वन या दोन्ही गाड्या १९६९ मध्ये बाजारात आल्या आणि आजही रॅलीत शेजारी शेजारी उभ्या दिसतात. पण पहिली चार सिलिंडरांची फोर-स्ट्रोक आणि दुसरी तीन सिलिंडरांची टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलसोबत ऑइलही जाळणारी, असल्यामुळे दोघींची भूक, वेग आणि दुखणी अगदी वेगळी आहेत. अशा मिश्र ताफ्यासाठी आधी रस्ता ठरवायचा आणि मग गाड्यांनी तो कसाबसा पार करायचा, ही पद्धत मला चुकीची वाटते. आखणीची सुरुवात ताफ्यातल्या सर्वांत कमी पल्ल्याच्या आणि सर्वांत संथ गाडीपासून करावी.

त्यासाठी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा: टाकी पूर्ण भरल्यावर गाडी किती किलोमीटरांनी रिझर्व्हला, म्हणजे राखीव पेट्रोलवर, लागते? सर्वांत लहान आकडा घेऊन त्याच्या साधारण तीन-चतुर्थांश अंतरावर पेट्रोलचा थांबा ठेवावा. एच-वनची टाकी १५ लिटरची असली, तरी वरच्या आरपीएमवर (इंजिनचे मिनिटाला होणारे फेरे) चालवल्यास ती पेट्रोल इतक्या झपाट्याने संपवते की टाकीच्या आकारावरून पल्ल्याचा अंदाज बांधणे धोक्याचे ठरते. प्रत्येक थांब्यावर टू-स्ट्रोकवाल्यांनी ऑइलची वेगळी टाकीही पाहावी, आणि पेट्रोल भरल्यावर रिझर्व्हवरचा पेट्रोलचा कॉक पुन्हा नेहमीच्या जागी आणावा. तो तसाच राहिला तर पुढच्या वेळी गाडी बंद पडेल तेव्हा हाताशी राखीव पेट्रोल उरलेले नसेल.

गाडीची तयारी किमान पंधरा दिवस आधी सुरू करावी आणि तयारीनंतर एकट्याने शंभरेक किलोमीटर चालवून पाहावी, कारण नव्या दुरुस्तीतले दोष बहुधा पहिल्या फेरीतच उघड होतात. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी बाजूवर कोरलेला चार अंकी आकडा वाचावा. त्यातले पहिले दोन अंक निर्मितीचा आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात. आकडा तीनच अंकी असेल, तर तो टायर २००० सालापूर्वीचा आहे आणि त्यावर राइडला निघू नये. क्लचची वायर लिव्हरपाशी, जिथे तिचे गोल टोक खाचेत बसते, तिथे उजेडात धरून तपासावी. एक तार जरी सुटून उभी राहिलेली दिसली तरी वायर बदलावी. नवी वायर टाकताना मी आणखी एक नवी तिच्याच मार्गाने जुन्या वायरीला बांधून ठेवतो, म्हणजे रस्त्यात फक्त दोन टोके जोडावी लागतात.

हत्यारांच्या पिशवीत जेआयएस, म्हणजे जपानी औद्योगिक प्रमाणाचा स्क्रू-ड्रायव्हर असायलाच हवा. या गाड्यांच्या इंजिनावरचे चौफुली स्क्रू दिसायला फिलिप्ससारखे असले तरी त्यांची खाच वेगळी असते. फिलिप्सचे टोक तिच्यात पूर्ण बसत नाही, जोर लावताच बाहेर सरकते आणि खाच खाऊन टाकते. मग पॉइंटचे (प्लगला ठिणगी देणाऱ्या संपर्कांचे) झाकणसुद्धा रस्त्याच्या कडेला उघडता येत नाही.

ताफ्यात सर्वांत पुढे रस्ता माहीत असलेला चालक आणि त्याच्या लगेच मागे सर्वांत संथ गाडी ठेवावी, म्हणजे पुढच्याला वेग आपोआप आवरावा लागतो. धुराचा त्रास टाळण्यासाठी टू-स्ट्रोक गाड्या मागच्या भागात आणि सर्वांत शेवटी हत्यारे बाळगणारा, अनुभवी चालक असावा. सरळ रस्त्यावर आळीपाळीने डावी-उजवी बाजू धरून चालावे, थेट पुढच्या गाडीपासून किमान दोन सेकंदांचे अंतर राखावे आणि वळणांवर एकेरी रांग करावी. पावसात हे अंतर बरेच वाढवावे, कारण त्या काळातल्या स्टेनलेस स्टीलच्या डिस्क ओल्या झाल्या की लिव्हर दाबल्यावर पहिला क्षणभर ब्रेक जवळजवळ लागतच नाही.

घाट उतरताना टू-स्ट्रोकवाल्यांनी अ‍ॅक्सिलरेटर बंद ठेवून इंजिनच्या ब्रेकवर फार वेळ राहू नये. इंजिन वेगाने फिरत असते, पण अ‍ॅक्सिलरेटर बंद असल्यामुळे ऑइल त्या मानाने फार कमी मिळते. मधूनमधून क्लच दाबून अ‍ॅक्सिलरेटर थोडा पिळावा. इंजिनचा आवाज अचानक दबला किंवा गाडी मागे खेचल्यासारखी वाटली, तर विचार न करता क्लच दाबावा. पिस्टन जाम होऊन मागचे चाक अडकण्याआधी तेवढाच अवधी मिळतो.

रॅलीतील संथ मिरवणूक या गाड्यांना लांबच्या प्रवासापेक्षा जास्त जाचते. हवेवर थंड होणारे इंजिन तापते, टू-स्ट्रोकचे प्लग काळे पडतात आणि सीबी ७५० सारख्या गाडीत कमी आरपीएमवर चार्जिंग अपुरे पडून, हेडलाइट चालू असल्यास, बॅटरी उतरू लागते. म्हणून आयोजकांशी बोलून मिरवणूक शक्य तितकी छोटी ठेवावी, दोन-तीन मिनिटांहून जास्त थांबावे लागल्यास इंजिन बंद करावे आणि टू-स्ट्रोकसाठी जादा प्लग खिशातच ठेवावेत.

मुक्कामी पोहोचल्यावर, हाताने बंद होणारा पेट्रोल कॉक असलेल्या प्रत्येकाने तो आठवणीने बंद करावा. कार्ब्युरेटरमधली झिजलेली सुई रात्रभर पेट्रोल झिरपू देते. ते फोर-स्ट्रोक इंजिनात उतरले तर ऑइल पातळ होते, म्हणून सकाळी स्टार्ट करण्यापूर्वी ऑइलची पातळी पाहावी. ती वाढलेली असेल किंवा ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल, तर ऑइल बदलल्याशिवाय इंजिन सुरू करू नये.