जुन्या जीपला भंगारातला दणकट एक्सल बसवताय? या चुका टाळा

"सेम टू सेम आहे शेठ, डोळे झाकून बसवा." शिळफाट्याच्या पट्ट्यात जुने पार्ट धुंडाळताना हे वाक्य कानावर पडलं नाही असा जीपवाला ठाण्यात सापडायचा नाही. मी ऐकलं आणि खरोखरच डोळे झाकले. मागचा एक्सल बदलला आणि मुरबाडकडे मित्राच्या शेतातल्या चिखलात फोर-व्हील टाकून दोन तास हौस भागवून घेतली. डांबरावर आल्यावर मात्र फोर-व्हीलचा दांडा काही केल्या निघेना. स्टिअरिंग जड, गाडी कुंथत चाललेली. शेवटी एक चाक जॅकवर घेतलं, तसं ते आपोआप धाडकन अर्धा फेरा फिरलं आणि दांडा सुटला.

पुढचा एक्सल ५.३८ रेशोचा होता आणि मी आणलेला ४.८८ चा. रेशो म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला शाफ्ट किती फेरे घेतो तो आकडा. जुन्या जीपच्या ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारा डबा) मधला डिफरेन्शियल, म्हणजे दोन्हीकडे वेगळा वेग चालू देणारा गिअर, नसतो. फोर-व्हीलमध्ये पुढचा-मागचा शाफ्ट सारखाच फिरतो. म्हणजे पुढची चाकं १०० फेरे घेतात तेवढ्यात मागची ११०. चिखलात चाक घसरून हा हिशोब भागतो, डांबरावर तो गिअरांच्या अंगावर येतो. रेशो जुळत नसेल तर एक तर दुसरा एक्सलही बदला, नाहीतर क्राऊन-पिनियनचा (एक्सलमधला मोठा गिअर आणि शाफ्टच्या जोरावर त्याला फिरवणारा छोटा गिअर) सेट बदला. सेट म्हणजे जोडीच. क्राऊन एका गाडीचा आणि पिनियन दुसरीचा, असा संसार टिकत नाही.

दुकानात रेशो तपासायला खिशात खडू पुरतो. एक चाक कुणाला तरी घट्ट धरायला सांगा, पिनियनच्या टोकावर आणि हौसिंगवर (एक्सलच्या बाहेरच्या कवचावर) खूण करा. मोकळं चाक बरोबर दोन फेरे घेईपर्यंत पिनियन किती वेळा फिरलं ते मोजा, तोच रेशो. पाचाच्या थोडं अलीकडे थांबलं तर ४.८८, सव्वापाचाच्या पुढे गेलं तर ५.३८. (आत लॉकर, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा जोड, असेल तर ही युक्ती चालत नाही.) शंका राहिली तर कव्हर उघडून दात मोजा: क्राऊनचे ४३ आणि पिनियनचे ८ म्हणजे ५.३८.

कव्हर उघडलंच आहे तर ऑइलमध्ये बोट बुडवा. दुधाळ चहासारखं असेल तर आत पाणी गेलंय. आपल्याकडच्या पावसाळ्यात बुडालेल्या गाड्यांचे एक्सल वरून रंग मारून विकायला येतातच. बारीक चंदेरी भुकटी थोडीफार चालते, पण तुकडे हाताला लागले तर भाव न विचारता निघा.

मग टेप काढा. हबच्या एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंतची रुंदी, दोन पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगांच्या) मध्यांमधलं अंतर, व्हील बोल्टचं वर्तुळ (जुन्या जीपला ५ बोल्ट, साडेपाच इंच) आणि डिफरेन्शियलचा गोळा कुठल्या बाजूला आहे ते पाहा. तो ट्रान्सफर केसमधून शाफ्ट निघतो त्याच बाजूला हवा. एक्सल उलटा करून बसवू, असं कुणी सुचवलं तर हात जोडा. तसं केलं की चाकं उलटी फिरतात आणि पिनियनच्या बेअरिंगला ऑइल मिळेनासं होतं.

खरी वाट लागते वेल्डिंगला. पाट्यांच्या बैठका नव्या जागी जोडायच्या असतात. कारागीर घाईत असतो, आणि एक्सल खाली मोकळा लटकत असतानाच पक्कं वेल्डिंग मारून टाकतो. तसं होऊ देऊ नका. आधी नुसते टाके (वेल्डिंगचे छोटे ठिपके) मारून घ्या, गाडी चाकांवर उतरवा, पाट्यांवर पूर्ण वजन येऊ द्या. मग पिनियनचा कोन मोजा. शाफ्टच्या दोन्ही टोकांना साधा क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) असेल तर पिनियन आणि ट्रान्सफर केसचं तोंड एकमेकांना समांतर हवं. पुढच्या एक्सलला किंगपिनचं (चाक ज्यावर वळतं त्या खिळीचं) वरचं टोक किंचित मागे झुकलेलं राहिलं पाहिजे. नाहीतर घोडबंदर रोडवर एक खड्डा लागला की स्टिअरिंग थरथरायला लागेल.

पक्कं मारतानाही एका दमात गोल फिरवायचं नाही. इंचभर या बाजूला, मग त्या बाजूला, मध्ये हात लावता येईल इतकं गार होऊ द्यायचं. नळी वाकली तर ऑइल सील आणि बेअरिंग पुन्हा पुन्हा जातात, आणि दोष सीलला दिला जातो. अर्थिंगचा चिमटा टाक्याजवळच लावायचा. तो चाकाला लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि त्यात खड्डे पडतात. मधला गोळा बिडाचा असेल तर साध्या रॉडने त्याला हात लावू नका, गार होताना तडा जातो.

ब्रेककडे बहुतेक जण शेवटी बघतात. मोठ्या एक्सलचे व्हील सिलिंडर (चाकातला ब्रेक दाबणारे) मोठे असतात. पेडलकडचा जुना मास्टर सिलिंडर तितकं ब्रेक ऑइल ढकलू शकला नाही तर पेडल खोल जातं, आणि ढकललं तर मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी आडवी होते. मोकळ्या, ओल्या मैदानात सावकाश वेगाने तपासा. प्रॉपेलर शाफ्टची (ट्रान्सफर केसपासून एक्सलपर्यंतचा शाफ्ट) लांबी बदलली तर बॅलन्सिंगही करून घ्या.

कागदाचं थोडक्यात: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ मधला सुप्रीम कोर्टाचा निकाल, दोन्ही कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार करण्याविरुद्ध आहेत. काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारा, विमा कंपनीलाही. आणि एक्सलचं बिल घ्याच.

बसवून झाल्यावर कान उघडे ठेवा. अ‍ॅक्सिलरेटर दाबताना हूं-हूं आणि सोडल्यावर शांत, किंवा याच्या उलट, असेल तर क्राऊन-पिनियनचं सेटिंग बघा. क्लच सोडताना 'खट्' झालं तर आधी क्रॉस हलवून पाहा, मग यू-बोल्ट (एक्सल पाट्यांना बांधणारे). वेगासोबत वाढणारी थरथर बहुधा शाफ्टची किंवा पिनियनच्या कोनाची असते. २० किलोमीटरनंतर एकच हब भाजण्याइतका तापला, तर तिथलं बेअरिंग जास्त आवळलंय किंवा ब्रेक चिकटतोय. ब्रीदरची (एक्सलमधली हवा आत-बाहेर जाऊ देणाऱ्या छिद्राची) नळी वर, बॉनेटपर्यंत न्या. तापलेला एक्सल ओढ्यात उतरला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळा आणि ऑइल बदला. काढलेलं ऑइल पांढऱ्या फडक्यावर ओतून बघायला विसरू नका.